पांढऱ्या पायांचं नाव

मित्रांनो, मला हात लावू नका, टोचेन. माझ्या डोक्यावर आता मोजून सतरा-अठरा केस उरलेत, आणि तेही ताठ. कधीकाळी मी गावातला सगळ्यात दाट केसांचा कुंचा होतो. भिंतींना चुना मारायचा, केवड्याच्या मुळीचा, जुन्या धाटणीचा कुंचा. तुमच्या घरी रोलर येत असेल, डब्यातला रंग येत असेल. माझ्यासारखा कुणी तुम्ही पाहिलाही नसेल. हरकत नाही. मला माझं कौतुक सांगायचं नाही. मला एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. त्या शब्दापायी एक घर माझ्या डोळ्यांदेखत उसवत गेलं आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही. कुंच्याला तोंड नसतं हो, नुसते केस असतात.

रेवसच्या धक्क्यापासून थोडं आत, खाडीच्या काठाला केवड्याचं बन आहे. तिथे मी एक मूळ म्हणून लोंबत होतो. खाली चिखल, वर काटेरी पानं, आजूबाजूला खेकड्यांची ये-जा, असं माझं बालपण. एके दिवशी नीराबाई कोयता घेऊन आली. तिने मला हातभर तोडलं, आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवलं आणि मग दगडावर धरून लाकडी मोगरीने माझं टोक असं काही ठेचलं की मला वाटलं, संपलो आता. पण संपलो नाही. त्या टोकाला केस फुटले. तांबूस, मऊ, दाट. नीराबाईने मला पहिल्यांदा चुन्याच्या पिपात बुडवून वर काढलं आणि हसली. म्हणाली, "झाला बाय गोरा माजा नवरदेव!"

त्या दिवसापासून माझं एकच काम. पांढरं करायचं.

आता तुम्ही म्हणाल, पांढरं म्हणजे पांढरं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. पण अकरा वर्षं लोकांच्या दारात, ओट्यांवर, शिडीवर राहिलो आणि कळलं की माणसांनी या एवढ्याशा शब्दाला किती कामांना जुंपलंय. शेताची ती काळी आणि जिथे घरं वसली ती गावाची पांढरी. मास्तर वहीत लिहितो ते पांढऱ्यावर काळं. कचेरीत खुर्चीवर बसून काम करणारा तो पांढरपेशा. कुणी घाबरला की तो पांढराफटक पडतो, भलताच आकडा ऐकला की डोळे पांढरे होतात. म्हाताऱ्याला उलटून बोललं की तो लगेच म्हणतो, हे केस उन्हात पांढरे केले नाहीत. आणि माझा सोबती जो चुना, त्याने तर भिंती उजळल्या, विहिरी निवळवल्या, नारळांच्या बुंध्यांची वाळवी हटवली, कबड्डीच्या मैदानाच्या रेषा आखल्या. पण कुणी कुणाला फसवलं की नाव याचंच, चुना लावला म्हणे! आम्ही दोघं पिपात बसून यावर पुष्कळ हसायचो.

एका शब्दावर मात्र हसायला नको होतं. तो पुढे येतोच आहे.

नीराबाईचा नवरा चांगदेव मिठागरावर काम करायचा. एका पावसाळ्यात बांध फुटला आणि तो वाहून गेला. नीराबाई तेव्हा तिशीत होती, मुलगा सदा पाळण्यात. गावाने काय करावं? तिला धीर द्यावा की नाही? गाव म्हणालं, ही पांढऱ्या पायाची. मित्रांनो, हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर फार बरं. जिच्या पायगुणाने घरात वाईट घडतं अशी बाई, असा त्याचा अर्थ. तो ज्या बाईला चिकटतो तिला लग्नकार्यात कुणी बोलवत नाही, तिच्या हातचं हळदकुंकू घेत नाही.

पण नीराबाई मोठी खट. तिने पोट भरायला चुन्याचंच काम धरलं. शिडीवर चपला सरकतात, म्हणून हे काम अनवाणीच करावं लागतं. वरून थेंब गळतात ते पायांवर. संध्याकाळी घरी येताना तिचे पाय घोट्यापर्यंत खरोखरच पांढरे असायचे. कुणी कुजबुजलं की ही पाय पुढे करून मोठ्याने म्हणायची, "व्हय गं, हायत पांढरे! तुजी भिंत कोनी पांढरी केली? याच पायांनी!" पंचवीस वर्षं ती असं हसत राहिली आणि त्या शब्दाची धार गेली. निदान तिला तसं वाटलं. ही सगळी हकिकत तिने शिडीवर काम करता करता मलाच सांगितली आहे, एकदा नाही, शंभरदा.

मग सदाचं लग्न झालं आणि किशोरी घरात आली. ती पालीकडची, भातशेतीवाल्यांच्या घरची. समुद्र पाहिला की मागे सरायची, सुक्या मासळीच्या वासाने आधी आधी नाक मुरडायची. पण हाताला काय वळण होतं सांगू! नीराबाईने मला तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्याच महिन्यात ती सासूच्या वरताण चुना मारू लागली. चुनकळीचे खडे भिजवताना वाफेपासून तोंड कसं फिरवायचं, चुना फडक्यातून कसा गाळायचा, चिमूटभर नीळ टाकली की पांढरं आणखी पांढरं कसं दिसतं, सगळं ती शिकली. एक गोष्ट मात्र तिने स्वतःची आणली. काम संपलं की ती मला चिंच कोळलेल्या पाण्यात धुवायची. आंबट पाण्याने चुना सुटतो. मग तेच पाणी आपल्या पायांवर ओतायची, भेगा घासायची. चार वर्षांत एक संध्याकाळ अशी गेली नाही की मी न धुता झोपलो. शाळेची भिंत, गावदेवीचं देऊळ, विहिरीचा कठडा, आम्ही दोघांनी मिळून काय काय उजळलं! लोक म्हणायचे, किशोरीच्या हातचं पांढरं दोन वर्षं मळत नाही. माझी छाती फुगायची. म्हणजे, असती तर फुगली असती.

आणि मग ट्रेलर आला.

सदा उरणकडे कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. भाद्रपदात मालकाने त्याच्या हाती नवाकोरा ट्रेलर दिला. गावच्या नाक्यावर तो आणून उभा केला, झेंडूचे हार घातले, नारळ आणला, निम्मं गाव जमलं. किशोरी त्या सकाळी शाळेच्या भिंतीवर होती. निरोप आला तशी ती धावतच आली. मी तिच्या हातात, पाय चुन्याने माखलेले. सदा वरून म्हणाला, "ये ना वर, पयली तूच बस." ती पायरीवर पाय ठेवून चढली. काळ्या रबरी पायरीवर पांढरा पाय उमटला, पाचही बोटं स्पष्ट. ती लाजली, पदराने पुसायला वाकली. सदा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुजी सही हाय ती."

सगळे हसले. त्या हसण्याच्या भरात नीराबाई टाळी वाजवून ओरडली, "बगा रे बगा! माजी सून पांढऱ्या पायाची! गाडीला पयला पाय तिचाच लागला!"

कौतुकच होतं हो ते. तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. स्वतःचा जुना, घासून गुळगुळीत केलेला शब्द तिने सुनेला दागिना घालावा तसा घातला. पण गोदू, ती शेजारची, तिथे उभी होती. ती हसली नाही. तिने तो शब्द ऐकला आणि ठेवून दिला.

एकोणीस दिवसांनी उतारावर त्या ट्रेलरचे ब्रेक लागले नाहीत. सदाचा डावा पाय केबिनमध्ये चेपला. पनवेलच्या दवाखान्यात तो घोट्याच्या वरून काढावा लागला.

बातमी आली तेव्हा किशोरी अंगणात चुना गाळत होती. मी तिच्या शेजारी पिपात. नीराबाई ओट्यावर. बायका जमल्या. रडारड झाली. त्या रडण्यातच गोदूचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बाय, तू स्वताच बोललीस त्या दिशी. पांढऱ्या पायाची. पयला पाय तिचाच लागला."

मित्रांनो, मी तेव्हा वाट पाहिली. पिपाच्या तळापासून वाट पाहिली. मला वाटलं, आता नीराबाई उसळेल. पंचवीस वर्षं जी बाई या शब्दाच्या छाताडावर नाचली ती आता गोदूला चांगली फैलावर घेईल. नीराबाई काहीच बोलली नाही. तिने फक्त किशोरीच्या पायांकडे पाहिलं. ते पांढरे होते. रोजच असायचे.

किशोरी पिशवी भरून बाहेर आली. पनवेलला निघाली होती. नीराबाई दारात आडवी उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. भीतीने माणूस किती परका होतो! ती म्हणाली, "तू नको येऊ. माज्या पोराच्या खाटंजवल तुजे पाय नको."

किशोरी म्हणाली, "आई, काय बोलताय तुम्ही?"

"नको म्हनलं ना."

पनवेलला नीराबाई एकटी गेली. किशोरी अंगणात उभी राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेजारणी एकेक करून उठून गेल्या. तिला कुणी पाणीही विचारलं नाही. मग ती नळावर गेली आणि विटेच्या तुकड्याने पाय घासायला लागली. चुना केव्हाच गेला होता, तरी घासत होती. रक्त आलं तेव्हा थांबली. नवरात्र चार दिवसांवर होतं, गावदेवीचं देऊळ पांढरं करायचं होतं. दुसऱ्या दिवशी देवस्थानाच्या कमिटीचा परेश आला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, या टायमाला देवलाचं काम ऱ्हाऊ दे. लोकं बोलतान. माजं काय न्हाय."

त्याच दुपारी किशोरी पालीला माहेरी निघून गेली. जाताना तिची नजर माझ्यावरून गेली. मी चुन्यात तसाच होतो. तिने मला उचललं नाही, धुतलं नाही. त्या घरातलं काहीच आता तिचं नव्हतं, तर मी कसा असेन?

चुना वाळायला फार वेळ लागत नाही. आधी मला गार वाटलं, मग जड, मग आवळल्यासारखं. माझे केस एकमेकांना चिकटले. मला हाका मारायच्या होत्या. कुणीतरी या, मला पाण्यात टाका, निदान उलटा तरी करा! अंगणातून माणसं जात होती, येत होती, दवाखान्याचे निरोप सांगत होती. पिपाकडे कुणी बघितलं नाही. चार दिवसांत मी दगड झालो. कोजागिरी गेली, दिवाळी गेली. त्या वर्षी आमच्या घराला चुना लागला नाही. दुसऱ्यांची घरं पांढरी करणाऱ्यांच्या घराची भिंत काळवंडली, ओल वर चढत आली. नीराबाई दवाखान्यातून यायची, चूल पेटवायची, विझवायची, पुन्हा जायची. किशोरीचं नाव तिने काढलं नाही.

मार्गशीर्षात सदा कुबड्या घेऊन घरी आला. दवाखान्यात त्याला सांगितलं होतं की किशोरीला घाव बघवत नाही, म्हणून ती माहेरी आहे. त्याचा मोबाईल अपघातातच चुरडला होता. घरी आल्यावर त्याने आईच्या फोनवरून किशोरीला लावला. ती एवढंच म्हणाली, "मी का गेले ते तुमच्या आईला विचारा," आणि ठेवला.

सदाने विचारलं. नीराबाईने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती तिच्यात. सदा बराच वेळ कुबडीचं रबर खरवडत बसला. मग म्हणाला, "आये, माजा पाय ब्रेकनं गेला. तिच्या पायानं न्हाय. माजा एक पाय गेला त्याचं मी काय तरी करीन. पन ती गेली तर मी कसला उभा ऱ्हातंय?"

दुसऱ्या दिवशी नीराबाईने मला पिपातून ओढून काढलं. ओढताना माझे निम्मे केस तुटले. तिने मला पिशवीत घातलं आणि पालीची एसटी धरली. गाडीत ती पुटपुटत होती, काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा जुळवत होती. किशोरीच्या भावाच्या, हर्षदच्या अंगणात पोचली आणि जुळवलेलं सगळं विसरली. मला पुढे धरून नुसती उभी राहिली.

किशोरीने मला हातात घेतलं. अंगठा फिरवून पाहिला. "दगड केलात याचा," ती म्हणाली.

"चुकलं माजं," नीराबाई म्हणाली. "चल घरी."

किशोरी रडली नाही. बारीक झाली होती, पण आवाज पक्का होता. "आई, तुम्ही ते नाव चारचौघांत दिलंत. मी लाजून हसले. गोदूआत्यांनी ते चारचौघांत उगाळलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आता इथे एकटीला चुकलं म्हणून काय उपयोग? मी आले तर गाव मला त्याच नावाने बघणार. उद्या यांना नुसता ताप आला तरी सगळे माझ्या पायांकडे बघतील. जिथं दिलंत तिथं परत घ्या." आणि तिने मला परत सासूच्या हातात दिलं.

परत घ्या! मित्रांनो, किती सोपं वाटतं. नीराबाई गावात आली आणि तिला तोंडच उघडवेना. पाण्यावर बायका जमल्या की ती जायची, उभी राहायची, हंडा भरून परत यायची. पौष गेला, माघ गेला, होळी झाली. शिडीवरून कुणालाही चार शब्द सुनावणारी बाई, पण हे चार शब्द तिच्याने निघेनात. कारण ते परत घ्यायचं म्हणजे आपण काय केलं ते आधी सांगायचं. तिचं जेवण तुटलं. सदा तिच्याशी कामापुरतं बोले. फोनवर किशोरी सदाशी बोलायची, जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच. मी वळचणीला खोचलेला होतो. मला वाटायचं, हे घर असंच एकेक पोपडा पडून संपणार.

चैत्रात गावदेवीची जत्रा असते. तिच्या आठ दिवस आधी सकाळी सगळं गाव देवळाच्या साफसफाईला जमतं. परेशने या वेळी डब्यातला तयार रंग आणला होता. माणसं कामाला लागणार तेवढ्यात नीराबाई आली. डोक्यावर चुन्याचं घमेलं, हातात मी. मागून सदा कुबड्यांवर. तो पाराच्या कट्ट्यावर बसला आणि त्याने नवा मोबाईल समोर धरला.

"नीराकाकी, चुना कशाला आनलाव? रंग हाय की," परेश म्हणाला.

नीराबाई देवळाच्या पायरीशी गेली. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग तिने घमेलं खाली ठेवलं, मला चुन्यात बुडवलं आणि माझ्या त्या उरल्यासुरल्या, काट्यासारख्या केसांनी आपलेच पाय रंगवायला सुरुवात केली. आधी डावा, मग उजवा, घोट्यापर्यंत. माझे केस तिच्या भेगांत तुटत होते. मी आयुष्यात हजार भिंती पांढऱ्या केल्या, पण असं काम कधी केलं नव्हतं.

दुसरा पाय झाला आणि तिचा आवाज फुटला.

"बगा. पांढऱ्या पायाची मी हाय. चांगदेव गेला तवा ह्याच गावानं मना ह्ये नाव दिलं. मी हसून हसून ते पचवलं. मना वाटलं, मेलं ते नाव. म्हनून मस्करीत माज्या सुनेवर टाकलं. मंग माजा पोर पडला, आनी मी भ्याले. गोदू बोलली, मी गप ऱ्हायले. पोराच्या खाटंजवल मी तिला जाऊ दिलं न्हाय. मी! तिच्या पायाला काय बी न्हाय. ती कामाची बाय हाय, तिच्या पायावर चुना हाय, बस. ते नाव माजं व्हतं. मी परत घेतंय. आता कोनाला बोलायचं असंल तर मना बोला."

चुना ताजा होता, तिच्या भेगा चरचरत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात कट्ट्यावरून, सदाच्या हातातल्या मोबाईलमधून आवाज आला. किशोरी सगळं बघत होती.

"आई! अहो, काय वेड्यासारखं करताय! पाय धुवा आधी! कळीचा चुना आहे तो, कातडी खाईल. नुसत्या पाण्याने नको, चिंच कोळून घ्या." ती थांबली. मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि तो कुंचा पण धुवा."

गोदू उठली. कुणाकडे न बघता घरी गेली आणि पातेलंभर चिंचेचं पाणी घेऊन आली. खाली बसली आणि नीराबाईचा पाय तिने आपल्या मांडीवर घेतला. चोळून चोळून चुना काढला. उरलेल्या पाण्यात तिने मला बुडवलं. सात महिन्यांनी माझ्या केसांत पाणी शिरलं. मी रडलो असेन, पण ओल्या कुंच्याचं रडणं कुणाला कळतं?

किशोरी आली का, हे तुम्ही विचारणारच. अजून नाही. येते असंही म्हणालेली नाही. पण परवा तिने सदाला फोनवर विचारलं की घराच्या भिंतीला ओल कुठपर्यंत चढली आहे. सदाने हात लावून सांगितलं. काल नीराबाईने केवड्याचं एक नवं मूळ तोडून पाण्यात घातलंय, आणि पालीहून दुपारची एसटी येते त्या वेळी ती दारातच काहीतरी निवडत बसते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कुंचा वापरलात तर लगेच धुवून ठेवा, उद्यावर टाकू नका. आणि कुणाला एखादं नाव दिलंत, अगदी हसत, अगदी लाडाने दिलंत, तरी ते त्याला कुठे टोचतंय का, तेवढं बघा. टोचत असेल तर ओलं आहे तोवर परत घ्या. वाळल्यावरही धुता येतं, नाही असं नाही. मलाही धुतलंच. पण माझ्याकडे नीट बघा, किती केस उरलेत.